हिरव्या पडद्यासमोरच्या बांगड्या

सुती कापडावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की जो गरम, ओलसर वास येतो, त्याने मला जे. पी. नगरच्या आमच्या भाड्याच्या घरातला एक रविवार आठवतो. आईला पुरणपोळीचा व्हिडिओ करायचा होता आणि ओल आलेली भिंत मागे दिसू नये म्हणून मी यशवंतपूरहून हिरवं कापड आणलं होतं; लॅपटॉपवर जिथे हिरवा रंग, तिथे छानशा स्वयंपाकघराचं चित्र घालता येतं. ते ताणून लावण्यात, एकेक सुरकुती घालवण्यात माझी अख्खी सकाळ गेली. बाबा बटर पेपर लावलेला टेबल लॅम्प धरून स्टुलावर उभे होते. एवढं करून लॅपटॉपवर पाहिलं, तर आईचे पंजे हातांपासून तुटून हवेतच पोळी लाटत होते. हिरव्या बांगड्या पडद्याबरोबर गायब झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी मागचं खोटं स्वयंपाकघर दिसत होतं. डोकंच फिरलं माझं. "आई, पाच मिनिटं काढ ना त्या बांगड्या." "नवरा समोर उभा आहे आणि मी ओक्याबोक्या हातांनी बसू? तुझा पडदा बदल." "अगं, पडदा हिरवाच लागतो." "मग बांगड्याही हिरव्याच लागतात." बाबा इतके हसले की लॅम्प हलला आणि तोही टेक वाया गेला. मी लॅपटॉप आपटून बंद केला. परवा तेच कापड पुन्हा इस्त्री करून लावलं. या वेळी लॅम्प नुसता स्टुलावर ठेवावा लागला. आईची मनगटं अगदी नीट दिसली.