लाथा मारायची नोकरी

माणूस एकटा पडला की त्याचे किस्से वाढतात. गफूरचे आमच्या कळमनुरीच्या शिवणाच्या दुकानात वाढले, कारण सुट्टीला आला की तो दिवसभर माझ्या मशीनपाशीच बसून राहायचा. निजामाचं राज्य होतं. हैदराबादच्या एका टीमनं त्याला पगारावर ठेवलेलं. फुटबॉल खेळून पगार घेणारा आमच्या मुलखातला तो पहिलाच गडी. त्याचे अब्बा कापूस पिंजायचे. पोरगं खेळून खातंय याची त्यांना इतकी लाज वाटली, की त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. अब्बांनी एकदा तरी हाक मारावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

*

आमच्याकडल्याच गोरेगावचे पाहुणे गफूरच्या सोयरिकीला आले. मुलीच्या बापानं विचारलं, "पोरगं काय काम करतं?"

गफूरचा मामा भोळा. म्हणाला, "लाथा मारतं."

"कोणाला?"

"बॉलला."

पाहुण्यानं जरा विचार केला. "आन बॉल नसला म्हंजे?"

सोयरीक तिथंच मोडली. गफूर हे स्वतःच सांगून हसायचा.

*

एकदा त्यानं आमाला खेळायला नेलं. त्यानं पास दिला की आमच्या दुकानातला नारायण वाकून बॉल हातानं उचलायचा, पाय लागला म्हणून नमस्कार करायचा, आन दोन्ही हातांनी परत नेऊन द्यायचा. दुसऱ्याच्या वस्तूला लाथ कशी मारावी?

दुसऱ्या दिवशी गफूर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीवर एकटाच बॉल मारून राहिला होता. म्या म्हटलं, "काहून रे एकटाच?"

"भिंत बराबर पास देती," तो म्हणाला.

*

घरात बोलणं बकरीमार्फत चाले. अब्बा बकरीला म्हणत, "बोल उसकू, खाना खा ले."

गफूरही बकरीलाच सांगे, "बोल अब्बाकू, भूक नै."

बकरी बिचारी दोघांकडं बघायची. मला हसू आलं, पण गफूरचं तोंड पाहून गिळलं.

*

मग त्याची टीम हिंगोलीला छावणीच्या मैदानावर खेळायला आली. सगळी कळमनुरी लोटली. मागं वळून बघतो तर गर्दीत अब्बा उभे, टोपीवर कापूस तसाच. गफूरला काही पत्ता नव्हता.

दोन्हीकडं एकेक गोल. शेवटची पाच-सात मिनिटं राहिली असतील. गफूर बॉल घेऊन सुटला. दोघांना चुकवलं, तिसरा पडला. समोर एकटा गोलकीपर. लोक श्वास रोखून उभे. आता हा मारणार, इतक्यात माझ्या कानामागून हाक आली.

"गफूर!"

गफूर जागच्या जागी थांबला. बॉल पुढं घरंगळत गेला, गोलकीपरनं तो आरामात उचलला. टीमवाले डोक्याला हात लावून ओरडून राहिले होते.

गफूर गर्दीकडं वळून उभा होता, मान खाली घालून.

"जी, अब्बा."