मांडीवरचा पट्टा

सत्त्याण्णव साली वसईतल्या आमच्या वाडीत केळींना पाणी लावताना पाटात पाय घसरला आणि घोटा मोडला. मी बँकेतला कारकून. रविवारी बागाईतदार व्हायची हौस होती, ती फिटली. विरारच्या एका दवाखान्यात घोट्यात प्लेट बसवली.

कमरेखालची भूल उतरली तसा घोटा ठणकू लागला, पण मी ओरडलो ते मांडीसाठी. कुणी दोराने आवळून ठेवल्यासारखी ती दुखत होती. मोडला घोटा, आणि दुखते मांडी! माझी पाचावर धारण बसली. बाबांनी चादर बाजूला केली. मांडीभोवती लालसर निळा वळ उठला होता. 

"ह्याला बांधलं होतं काय?" माझं ओरडणं ऐकून आलेल्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं.

"रक्त थांबवायला मांडीला हवेचा पट्टा आवळतो. सव्वा तास होता. दुखेल थोडे दिवस."

"आणि सोडलाच नाही तर?"

"असं कसं? घड्याळ लावलेलं असतं. दिवसभर राहिला तर पाय मरेल."

डॉक्टर गेले. बाबा स्टूल ओढून माझ्याजवळ बसले.

माझ्या काकाचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला. तरुणपणी साप चावला, विष चढलं, पाय गेला, एवढंच आम्ही ऐकत आलो होतो. साप चावला की केळीच्या सोपटाची दोरी वळून करकचून बांधायची, ही आमच्या वाडीतली रीत.

"मी बांधली होती," बाबा म्हणाले. "सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. तो 'सोड, सोड' म्हणून रडत होता. विष चढेल म्हणून मी आणखी आवळत गेलो."

सव्वा तासात माझी ही गत झाली होती.

दुसऱ्या दिवशी काका कुबड्या टेकत आला. पिशवीत वाडीची केळी होती. बाबा उठून उभे राहिले आणि त्याचा पाय विषाने नव्हे, आपल्या दोरीने गेला, हे त्यांनी एका दमात त्याला सांगून टाकलं. सांगताना त्यांनी धाकट्या भावापुढे हात जोडले. मला ते बघवेना.

काकाने कुबड्या भिंतीला लावल्या आणि तो पलंगाच्या कडेला टेकला.

"डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, दादा," तो म्हणाला. "तुला सांगून माझा पाय परत येणार होता काय?"