रंग जातो कुठे?

लग्न होऊन मी सोलापुरात आले, त्याच वर्षीची ही गंमत. सत्तरच्या दशकातली... पूर्व भागात आमचं छोटं डाय हाउस होतं, म्हणजे चादरीचं सूत रंगवायचा कारखाना. सासऱ्यांना मी मामय्या म्हणायचे. आमच्या तेलुगू घरातली तीच रीत.

एके दिवशी समोरच्या दुकानातून कासिमचाचा धावत आले. आळीत फोन एकट्या त्यांच्याकडे, त्यामुळे सगळे निरोप त्यांच्याच कानातून यायचे. "अण्णा, दिल्ली के साब आरे! परदर्शन वाले!"

झालं... मामय्या हवेत! आपलं सूत दिल्लीच्या प्रदर्शनात जाणार म्हणून कारखाना झाडून काढला. लालभडक, मोरपंखी, हळदी रंगांच्या लडी दारापासून टांगल्या. साहेबांना कमी दिसायला नको म्हणून सगळे हौद एकदम रंगाने भरले.

साहेब आले. मूळचे नागपूरकडचे, त्यामुळे मराठी बोलणारे. हार त्यांनी कसाबसा घालून घेतला, पण लडींकडे काही बघेनात... थेट मागच्या अंगाला गेले आणि मोरीतून नाल्यात पडणारं पाणी बघत उभे राहिले.

"हा रंग जातो कुठे?" त्यांनी विचारलं.

मामय्यांना हा भलताच अपमान वाटला. रंगाऱ्याला असं विचारतात का कधी? "जातो? आमचा रंग जात नाय की साहेब! घरी न्या, उकळत्या पाण्यात टाका. गेला तर नाव बदलतो!"

साहेबांना हसू आवरेना. "अहो, सुतावरचा नाही... मोरीतला." मग त्यांनी पिशवीतून बाटली काढली, नाल्याचं पाणी भरलं आणि बुचावर लाख लावली. तेव्हा कुठे उलगडा झाला... प्रदर्शन नव्हतं, प्रदूषण होतं! तो शब्दच आम्हाला नवा.

दिल्लीत तेव्हा पर्यावरणाचं वेगळं मंत्रालय नव्हतं. पाणी घाण करू नये असा कायदा मात्र नुकताच झाला होता. मला राहून राहून नवल वाटत होतं... सोलापूरची चादर दिल्लीला जाते हे ठीक, पण तिथल्या सरकारला आमच्या मोरीचं पाणी कशाला हवं?

घरावर सुतकी कळा आली. कारखाना बंद होणार हे सगळे धरूनच चालले होते. मामय्यांना मात्र दुसरंच काहीतरी खात होतं... हे पाणी पुढे कुठे जातं, असं साहेबांनी निघताना विचारलं आणि जन्म सोलापुरात काढलेल्या माणसाला उत्तर देता आलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "मामय्या, बघून येऊ या का?" सासूबाईंनी डोळे वटारले. पण मामय्या पायात चपला घालून उभेसुद्धा राहिले.

नाल्याच्या कडेकडेने गावाबाहेर आलो. शेवटी एक मळा लागला आणि नाल्यालगतच विहीर. विहिरीवर एक बाई होती. आम्ही कोण ते मामय्यांनी सांगितलं, लपवलं नाही.

मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. तिने पोहरा सोडून पाणी काढलं आणि आमच्यापुढे धरलं... फिकट गुलाबी! "बगा की. जनावरं बी तोंड लावत न्हाईत. प्यायचं पानी लांबनं आणती मी."

मामय्यांचा चेहरा पडला. "बंद करतो मग कारखाना," एवढंच म्हणाले.

ती एकदम घाबरली. "आवं, बंद नगा करू! माजा ल्योक तुमच्याच भागात मागावर हाय. सूतच न्हाई मिळालं तर त्यो काय इणंल? पानी तेवढं हितं धाडू नगा, म्हंजी झालं."

दुसऱ्या दिवशी मामय्यांनी मागच्या अंगणात खड्डे खणायला सुरुवात केली. पाणी त्यात साठवायचं, चुना टाकायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि मगच बाहेर सोडायचं. आजूबाजूचे कारखानदार पोट धरून हसले.

साहेब परत आलेच नाहीत. त्या बाटलीचं काय झालं, तेही कळलं नाही... आता दिल्लीत मोठं मंत्रालय आहे, तिथे काय काय चालतं ते मला सगळं समजतं असं नाही. पण बातम्यांत नाव आलं की वाटतं, तेव्हा दिल्लीहून कोणीतरी येऊन एक साधा प्रश्न विचारला, म्हणून आमच्या नाल्याच्या टोकाला कोण राहतं ते आम्हाला कळलं. त्या साहेबांचे आभार मानायचे राहूनच गेले.

पुढल्या हिवाळ्यात ती बाई आपल्या विहिरीच्या पाण्याची कळशी घेऊन आमच्या दारात आली. मामय्यांनी तांब्याभर ओतून घेतलं आणि उन्हात धरून पाहिलं. सासूबाई नको नको म्हणत असताना ते सगळं पाणी प्यायले... मग म्हणाले, "रंग अजून हाय की थोडा," आणि आणखी एक खड्डा खणायला फावडं घेऊन मागे गेले. या घरात सून म्हणून आले याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.