जग जिंकून करायचं काय?

सुपरहिरोच्या सिनेमात हिरो कोण ते पोस्टरवरच कळतं, लक्षात मात्र व्हिलन राहतो. आम्ही भोरच्या मंडळींनी मोबाईलवर असा एक सिनेमा काढला. सिनेमा तासाभराचाही नाही, पण त्याचे किस्से मी अजून सांगतोय. समोरचा कंटाळतो, किस्से संपत नाहीत.

*

हिरो व्हायला कुणी तयार नव्हतं. अंगाला चिकटलेली लाल पॅन्ट घालून भर चौकातून पळायचं, तेही बाजाराच्या दिवशी! शेवटी मोबाईल दुरुस्तीवाला विकी तयार झाला. त्याचं गाव धरणाच्या कालव्याखालचं, घरी ऊस, शिवाय चहा-नाश्ता तोच देणार होता. आम्हाला त्याच्यात लगेच हिरो दिसला.

*

व्हिलन मात्र एक नंबर मिळाला. पोपटनाना, वेल्ह्याकडचे रिटायर्ड मास्तर. भरदार मिशा, खणखणीत आवाज. पहिल्या सीनमध्ये नानांनी गर्जना करायची आणि गर्दीने घाबरून पळायचं. पण गर्दीतले सगळे त्यांचे माजी विद्यार्थी. निम्मे वाकून पाया पडले.

नाना चिडले, "अरे, पळा की!"

मग पोरं पळाली. रांगेत.

*

स्क्रिप्ट माझी. त्यात व्हिलनला जग जिंकायचं होतं. नाना म्हणाले, "जग घेऊन करू काय? हितं भोरात गाडी लावायला जागा न्हाई."

"मग तुम्हाला काय हवंय, नाना?"

"धरण फोडायचंय. माझं गाव त्याच्या तळाला हाय."

नानांचं गाव खरंच धरणात गेलंय. विकीला हे काही पसंत नव्हतं. धरण फुटलं तर त्याचा ऊस जाणार, सिनेमातसुद्धा!

"भिऊ नको, हरतो मी," नाना म्हणाले. "पण आधी माझं सगळं ऐकून घ्यायचं. मधी कट म्हणायचं न्हाई."

मी कट म्हटलं नाही. देवळाच्या पायऱ्या, दारातली चिंच, गाव सोडायच्या दिवशी आईने सारवलेलं घर, नाना बोलत राहिले. तो शॉट न कापता तसाच ठेवलाय.

*

पहिला शो विकीच्या गावात. पडद्यावर नाना पडले तशा शिट्ट्याच शिट्ट्या. नंतर विकीच्या वडिलांनी नानांना आग्रहाने जेवायला बसवलं. वाढता वाढता म्हणाले, "मास्तर, माणूस तुमी लई वंगाळ, पर बोलत व्हता खरं."

नानांनी अजून थोडा भात मागून घेतला.

*

दुसरा शो नानांकडे, वेल्ह्याजवळच्या मार्गासनीला. बघायला आलेली बरीच मंडळी धरणामुळे उठलेल्या घरांतली. पहिल्या रांगेत नानांची म्हातारी आई. नाना सकाळपासून अस्वस्थ होते, कारण आज तिच्यासमोर हरायचं होतं.

पडद्यावर व्हिलन पडला. टाळी नाही, शिट्टी नाही. फोटोसाठी लाल पॅन्ट घालून आलेला विकी आमच्या सामानाच्या टेम्पोमागे जाऊन उभा राहिला.

म्हातारीने त्याला हाक मारली. "ये हितं. धरण वाचवणारा तूच न्हवं का?"

विकी मान खाली घालून म्हणाला, "व्हय, आजी."

"तुमच्या शेताला पानी येतं का त्याचं?"

"येतं."

"पार शेवटच्या वावरापत्तूर?"

"व्हय."

"मग बरं केलंस," म्हातारी म्हणाली आणि नानांकडे वळली. "चल रं पोपट. घरी चल."