बिनसावलीचा शिपाई

सडक अर्जुनीच्या बस स्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, असल्या कामांसाठी मी तिथे वर्षभर जात होतो, पण दुकानदाराचं नाव विचारायचं कधी सुचलं नाही. पन्नाशीचा असेल.

गिऱ्हाइकांची गर्दी नसली की त्याचा एकच उद्योग चाले. जुनाट विंडोज सेव्हनच्या कॉम्प्युटरवर तो नवे गेम चालवायचा. 'या सिस्टिमवर चालणार नाही' असा मेसेज आला की चष्मा कपाळावर सारून, पडद्याला नाक लावून गेमच्या फायली उघडून बसे. आधी गवत बंद करी, मग झाडं, शेवटी सावल्या.

"सावली काढली का गेम हलका होते, भाऊ," तो सांगे.

अखेर उघड्या माळावर एक बिनसावलीचा शिपाई उभा राही. तो दोन पावलं चालला की हा समाधानाने गेम बंद करून टाकी. माझा दाखला तोवर अडकलेला असे, पण मीही बघत बसे.

"खेळत काऊन नाही तुमी?" मी एकदा विचारलं.

"चालला ना! आता खेळून काय करू?"

दिवाळीनंतर गेलो तर टेबलावर नवा कॉम्प्युटर होता. फॉर्मच्या साइट जुन्यावर उघडेनात, म्हणून घ्यावा लागला होता. पडद्यावर तोच गेम होता. गवत डुलत होतं, शिपायाची लांब सावली पडली होती. दुकानदार मात्र हात मांडीवर ठेवून नुसता बसला होता.

"चालला की," मी म्हणालो.

"एका क्लिकमधी चालला," तो म्हणाला. "मंग मी कायले पाहिजे?"