पोचा न पडलेले ताम्हन

"चूक हातात नाही, शास्त्रीबुवा, चूक उभं राहण्यात आहे," असे म्हणून ते पाऊल बोटभर सरकवीत आणि गोल्फच्या काठीची मूठ पुन्हा धरीत.

आमचे हे शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. गंगापूर रस्त्याकडील आमच्या वसाहतीत मी सायंसंध्येला ओट्यावर बसे, तेव्हा समोरच्या मोकळ्या भूखंडावर त्यांचाही नित्यनेम सुरू होई. चेंडू जवळच्या जवळ हलकेच उचलून टाकण्याच्या त्या फटक्याला 'चिप' म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवले. पावले जवळ, भार डाव्या पायावर, चेंडू किंचित उजव्या पायाकडे, हात चेंडूच्या पुढे. "आणि मनगट मुकं! ते बोललं की बिघडलं."

बिघडत होते ते मनगटच. उजव्या हाताला कंप सुटला होता आणि तो वाढतच जाणार, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. मैदानावरचे सोबती खेळायला बोलावीनासे झाले होते. एक फटका, एकच, मनासारखा बसावा आणि आपण अजून खेळाडू आहोत हे स्वतःला पटावे, एवढेच त्यांचे मागणे उरले होते. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांना खरे सांगण्याचा धीर कोणाला होतो?

चेंडू नेमका कोठे टेकावा, याची खूण म्हणून एके दिवशी त्यांनी माझ्याकडे चक्क पूजेतले जुने ताम्हन मागितले.

"अहो, पोचा पडेल!"

"पडला तर पेढे तुम्हाला. आवाज आला पाहिजे, बुवा. नुसतं दिसून भागत नाही."

मी दिले. देवाला त्याचे वाईट वाटले असेल, असे मला वाटत नाही.

तेव्हापासून जप चालू असताना माझा एक कान तिकडे असे. चेंडू कधी पायाशीच घुटमळे, कधी कुंपणाच्या भिंतीवर आदळे. त्यांच्या पत्नी गॅलरीतून म्हणत, "भिंतीशी काही वैर आहे का? या आता, चहा निवला."

"आलो, आलो. पाय जरा चुकलाय."

पाय कधीच चुकलेला नसे. अर्घ्य देताना अलीकडे माझीही ओंजळ सांडते.

पुढे काठी मुठीत राहीना. तरी ते समोर पावले जुळवून, डाव्या टाचेवर भार देऊन दाखवीत. "आता बघा, शास्त्रीबुवा, उभं राहणं अगदी बरोबर जमलंय," एकदा मला म्हणाले. ते चाकांच्या खुर्चीत बसले होते.

पौषात ते गेले. तेरावा उरकल्यावर वहिनींनी ताम्हन चिंचेने लख्ख घासून आणून दिले. "बघून घ्या हो, कुठं खराब तर नाही ना झालं?"

मी ते उजेडाकडे धरले. तळावरून बोटे फिरवली, कडा चाचपली, पालथे करून पुन्हा पाहिले.

कोठेही पोचा नव्हता.