घुमटाखालचं ऊन

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांचा मला फार राग येतो, आणि मी स्वतःही विज्ञानकथाच लिहिते, त्यामुळे हा राग काढायला मला घराबाहेर जावं लागत नाही. आधी घुमट, मग यानं, मग यानाचं इंजिन, आणि चौथ्या पानावर एक माणूस, तोही नावापुरता. तरी आमच्या मंडळाच्या चिटणिसांनी जेवढा राग आणला तेवढा कुठल्याच लेखकानं आणलेला नाही.

ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत दरवर्षी एकांकिका होते. बघायला येणारे बहुतेक साठीपुढचे. त्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर त्याच्याही पलीकडे गेलेली. जी इथे उरली त्यांना तिसऱ्या वाक्याला हिंदी लागतं. म्हणून त्या वर्षी कार्यकारिणीनं ठरवलं की तरुणांना खेचायला काहीतरी भविष्यातलं करायचं, आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

मी एक म्हातारी लिहिली. दोनशे वर्षांनंतरचं ग्वाल्हेर, शहरावर काचेचा घुमट, सूर्य कारखान्यात बनवलेला. पण हे कोणी उभं राहून सांगत नाही. म्हातारी सकाळी उठते, धुतलेलं वाळत घालते, अजून ऊन कसं आलं नाही म्हणून कुरकुरते आणि दुसऱ्या ग्रहावर गेलेल्या लेकीच्या निरोपाची वाट बघते. तिला जेवढं दिसतं आणि खुपतं तेवढंच शहर.

भूमिका लिहिली होती आत्यासाठी. आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, किला गेटला राहते. किल्ला तिच्या घराच्या अगदी डोक्यावर. बाहेरगावचे पाहुणे गच्चीवर जाऊन त्याचे फोटो काढतात आणि खाली येऊन, जणू आम्ही तो कधी पाहिलाच नाही अशा थाटात आम्हालाच त्याचं वर्णन ऐकवतात. आत्याच्या तोंडून ते वर्णन मी जन्मात ऐकलेलं नाही. दुपार कलली की ती एवढंच म्हणते, "खाल्लं किल्ल्यानं ऊन," आणि दोरीवरचे कपडे काढते. किल्ला किती उंच आहे ते मला त्या पाहुण्यांपेक्षा या वाक्यातून जास्त कळलं आहे.

मंडळाच्या स्टेजवर आत्या तरुणपणापासून काम करत आलेली. आता गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी पायऱ्या चढायच्या नाहीत म्हणून सांगितलं होतं. ही शेवटची, असं तिनं मला सांगून टाकलं, आणि शेवटची आहे तर नीट झाली पाहिजे, हेही सांगितलं. मला बाकी कशाशी कर्तव्य नव्हतं.

चिटणीस निवृत्त प्राध्यापक. आवाज भारदस्त, आणि तो भारदस्त आहे हे त्यांना कोणीतरी फार लहानपणी सांगून ठेवलेलं. त्यांनी संहिता वाचली आणि विचारलं की यात भविष्य कुठे आहे. मग स्वतःच बसून लांबलचक निवेदन लिहिलं. आकाशातून त्यांचा आवाज येणार आणि सांगणार: नई सडकेवर उडत्या गाड्या, हजीऱ्याला हवेचा कारखाना, किल्ल्यावर चंद्राला जाणाऱ्या यानांचा थांबा.

मी विचारलं, "हे सगळं बघतंय कोण?"

"प्रेक्षक," ते म्हणाले.

कपाळाला हात लावला मी. जन्मापासून त्या घुमटाखाली राहणाऱ्या बाईला घुमटाचं कसलं आलंय कौतुक? आपण नई सडकेला जाताना एकमेकांना स्कूटरचं इंजिन समजावून सांगतो का? हे मी त्यांना बऱ्यापैकी सभ्य शब्दांत सांगितलं. त्यावर ते म्हणाले की वातावरणनिर्मिती लागते. हा शब्द ते तोंडात पेढा असल्यासारखा घोळवून म्हणायचे.

निवेदनाला वेळ हवा, म्हणून आत्याची वाक्यं कापली. कापता कापता एक उरलं, शेवटचं. कपड्यांची दोरीही गेली, कारण दोनशे वर्षांनंतर कपडे वाळत कोण घालणार. सेट टेंट हाउसवाल्याकडून आला: लग्नाच्या मंडपाचं चंदेरी कापड, थर्माकोलचा घुमट, एक चकचकीत कठडा आणि सूर्य म्हणून भला मोठा पिवळा दिवा. आत्यानं निवेदन संपेपर्यंत कठड्याशी स्थिर उभं राहायचं होतं. म्हणजे तीही सामानात जमा. मी एकांकिका मागे घ्यायला निघाले, तर आत्यानंच अडवलं. एक वाक्य आहे ना, म्हणाली, पुष्कळ झालं. तिच्या त्या समजूतदारपणाचीही मला चीड आली.

प्रयोगाच्या दिवशी धूर सोडला आणि आकाशवाणी सुरू झाली. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या कोणाकडून तरी चिटणिसांनी आवाजाला घुमारा लावून आणला होता, त्यामुळे प्रत्येक उडती गाडी दोनदा उडत होती. आत्या एकेक पायरी चढून कठड्यापाशी आली. तिच्या हातात ओला पंचा होता. मागच्या नळावर भिजवून, पिळून आणलेला, कोणालाही न विचारता.

तिनं तो झटकला आणि कठड्यावर वाळत घातला. आकाशातून हवेचा कारखाना चालला होता, ती पंच्याचं टोक सारखं करत होती. मग सूर्य पेटला. आवाज त्याच्या तेजाविषयी बोलू लागला. उशिरा आलेल्या कामवालीकडे बघावं तसं आत्यानं त्या दिव्याकडे बघितलं आणि पंचा उचलून, जिथे उजेड पडत होता तिथे सरकवला.

कोणीतरी हसलं. मग माझ्या पुढची मुलगी, जी आल्यापासून मोबाइलमध्ये होती, तिनं मान वर केली आणि आईला हळूच विचारलं, "आई, वो सूखेगा क्या?" त्यानंतर त्या निवेदनाकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. सगळं सभागृह पंच्याकडे बघत होतं.

लेकीच्या निरोपाची घंटा वाजली. आत्या घुमटाकडे नाही, कुठे लांबही नाही, पंच्याकडे बघत म्हणाली, "इथे सगळं ठीक आहे गं. ऊन तेवढं आज लेट आलं."

सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांनी त्याच आठवड्यात आपल्या मुलांना फोनवर असंच काहीतरी सांगितलं असणार. मला रडू आलं, आणि त्या थर्माकोलसमोर रडू आलं याचा संताप आला.

अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की घुमट अगदी खरा वाटला, ऊन तर अंगावर जाणवलं. आणि या वातावरणनिर्मितीबद्दल शाल आणि नारळ दिला चिटणिसांना. त्यांनी तो घेतला, जराही न लाजता.

आत्या विंगेत खुर्चीवर बसून गुडघे चोळत होती. पुन्हा ती त्या पायऱ्या चढली नाही. शाल पांघरलेले चिटणीस आत आले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "काकू, आपण मधे मधे हलत होतात, त्यामुळे निवेदनाकडे जरा दुर्लक्ष झालं. स्थिर उभं राहायचं ठरलं होतं ना?"

आत्यानं पंचा मांडीवर घेऊन घडी घातली. तो अजून ओलाच होता.

"हो," ती म्हणाली. "पण मला तर वाटलं, तिथे कोणी राहतं."